दोन इंच तारेतली घरघर

घरी जोडलेला अॅम्प्लिफायर सुरू केला, की गाण्याआधी पुष्कळदा घरघर ऐकू येते. दोष आयसीला दिला जातो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवे भाग येतात आणि घरघर तशीच राहते. कारण ती बहुतेकदा भागांत नसून त्यांना जोडणाऱ्या दोन इंच तारेत असते.

हे कसे घडते ते थक्क करणारे आहे. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवतो, चार डायोडांचा ब्रिज तिला एका दिशेने वळवतो आणि कपॅसिटर ती साठवतो. पण कपॅसिटर सलग भरत नाही. लाटेच्या माथ्यावर क्षणभर, सेकंदाला १०० वेळा, तो भसकन प्रवाह ओढतो. सरासरी खप १ अँपिअर असला तरी त्या क्षणी १० अँपिअरही वाहू शकतो. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या ५ सेंटिमीटर तारेचा रोध एक मिलिओहमही भरत नाही. तरी १० अँपिअरला तिच्या दोन टोकांत सुमारे ९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. इनपुटची ग्राउंड तार चुकीच्या टोकाला जोडली असेल, तर हेच ९ मिलिव्होल्ट गाण्यात मिसळतात. अॅम्प्लिफायर २५ पट वाढवणारा असेल, तर स्पीकरवर ०.२ व्होल्ट! शांत खोलीत ते स्पष्ट ऐकू येतात.

म्हणून ब्रिजची ऋण तार थेट कपॅसिटरच्या ऋण टोकाला न्यावी. स्पीकरची परतीची तार, बोर्डाचे ग्राउंड आणि इनपुटचे ग्राउंड अशा तिन्ही तारा कपॅसिटरच्या पलीकडे एकाच बिंदूवर स्वतंत्र आणाव्यात. स्पीकरची तार वाटेत इनपुटच्या तारेला जोडण्याचा मोह टाळावा. वाचते वीतभर तार, बिघडते सगळे.

घरघरीचा पोतही कारण सांगतो. खरखरीत, १०० आवर्तनांची असेल तर कपॅसिटरचे झटके तपासा. खोल, गोलसर, ५० ची असेल तर इनपुटच्या तारा ट्रान्सफॉर्मरपासून दूर सरकवा, किंवा दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून वेटोळे तयार झाले आहे का ते पाहा.

ते वेटोळे तोडायला काही जण अर्थिंगची तारच काढून टाकतात. घरघर थांबतेही, पण ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फुटले, तर धातूच्या डब्यावर थेट २३० व्होल्ट येतात. आपल्या प्लगची अर्थिंगची पिन मुद्दाम लांब असते: ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. तिची तार डब्याला स्क्रूने घट्ट बसवा आणि कुणी काहीही सांगितले तरी काढू नका.