नळीतला वारा, कशाच्या तिप्पट?

चिखलीतील आमच्या सोसायटीच्या सभेत एका विक्रेत्याने गच्चीवर बसवायची पवनचक्की दाखवली. तिची पाती नरसाळ्यासारख्या नळीत बसवलेली होती. ‘साध्या पवनचक्कीपेक्षा तिप्पट वीज’ असा त्याचा दावा होता. पैसे मात्र गच्चीची गळती थांबवण्यासाठी जमवलेल्या निधीतून जाणार होते. मी इंजिनिअर नाही. पण ‘तिप्पट गुणकारी’ औषधे घेऊन येणारे प्रतिनिधी मी बरीच वर्षे पाहतो आहे. त्यांना विचारतो तोच प्रश्न इथेही विचारला : कशाच्या तिप्पट?

नळीमुळे वारा एकवटतो, हे पटकन पटते. पण अरुंद तोंड दिसले की वारा बाजूने निघून जातो. स्पाइन रोडवर कोंडी झाली की वाहने आतल्या गल्ल्यांत शिरतात, तसेच. नळीचा मागचा भाग पसरट केला तर पात्यांतून जाणारा वारा खरोखर वाढतो. मात्र, पाती एक मीटर व्यासाची आणि नळी दीड मीटरची असेल, तर वाऱ्यासमोर सव्वादोन पट क्षेत्रफळ उभे राहते. तुलना मात्र एक मीटरच्या उघड्या पात्यांशी केली जाते. नव्या औषधाचे दोन चमचे आणि जुन्याचा एक चमचा देऊन ‘नवे सरस’ म्हणण्यासारखे हे झाले. पातीच थोडी लांब केली, तर नळीचे वजन आणि वादळात तिच्यावर येणारा जोर दोन्ही टळतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वाऱ्याचा वेग. वेग निम्मा झाला की त्यातील ऊर्जा एक अष्टमांश उरते. उघड्या पवनचक्कीला त्यातलीही जास्तीत जास्त ५९.३ टक्केच मिळू शकते; ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शतकापूर्वी मांडली. सेकंदाला ३ मीटर वेगाचा वारा सतत वाहतो असे धरले, तर एक मीटर व्यासाच्या चक्कीतून फार तर साडेसात वॅट मिळतील. ९ वॅटचा दिवाही त्यावर पूर्ण पेटणार नाही. ते खरोखर तिप्पट झाले, तरी दिवसाला जेमतेम अर्धे युनिट. एक किलोवॅटचे सौर पॅनेल आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिटे देते.

म्हणूनच साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी, वनकुसवडे पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. तिथे उंची आहे, मोकळा वारा आहे आणि पाती उघडी आहेत. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात व्होर्टेक कंपनीने नळीची मोठी चक्की उभारली होती. वीज अपेक्षेपेक्षा फारच कमी मिळाली आणि ती योजना पुढे गेली नाही.

तुमच्याकडे असा विक्रेता आला, तर तीन गोष्टी लेखी मागा : किती वेगाच्या वाऱ्यात किती वीज मिळते, क्षेत्रफळ पात्यांचे धरले की नळीचे, आणि तुमच्यासारख्याच इमारतीवरचे वर्षभराचे मीटर रीडिंग. आमच्या विक्रेत्याने ‘पाठवतो’ म्हटले आहे. तोवर पावसाळ्याआधी गच्चीची दुरुस्ती करून घ्यायची, असे सभेत ठरले.