‘डायरेक्शन’ आणि त्याची भावंडं

आज एकच इंग्रजी शब्द घेऊन बसू या, डायरेक्शन. आपण तो रोज वापरतो, पण तो दर वेळी वेगळं काहीतरी सांगत असतो.

पहिला अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, दिशा. ईस्ट, वेस्ट, नॉर्थ, साउथ. हे लक्षात ठेवायला घोकंपट्टी नको. सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहा. तुमच्या समोर धारावी येईल, पाठीमागे माहीमची चौपाटी. उजव्या हाताला दादर, प्रभादेवी आणि डाव्या हाताला वांद्रे. आपल्या जुन्या शब्दांनीही हेच केलंय बघा. ‘पूर्व’ म्हणजे आधीचं, समोरचं. ‘पश्चिम’ म्हणजे मागचं. ‘दक्षिण’ म्हणजे उजवं. संस्कृत बोलणाऱ्या माणसाने सूर्याकडे तोंड करून दिशांना नावं दिली. इंग्रजी ‘ईस्ट’ आणि आपली ‘उषा’ यांचं मूळ एकच आहे, पहाट. तेव्हा ईस्ट हा शब्द तितकासा परकाही नाही.

आता स्टेशनवर चला. ‘अप’ म्हणजे वर आणि ‘डाऊन’ म्हणजे खाली, हे शाळेत शिकलेलं इथे चालत नाही. रेल्वेच्या भाषेत मुख्य स्टेशनकडे जाणारी गाडी अप, तिथून निघून दूर जाणारी डाऊन. माहीमहून चर्चगेटला जाणारी लोकल अप असते. नकाशात ती खाली जाताना दिसते, तरीही अप! ही पद्धत इंग्लंडहून आली. तिथे लंडनकडे जाणारी गाडी अप असते.

डायरेक्शनला ‘एस’ लागला, की अर्थ बदलतो. ‘डायरेक्शन्स’ म्हणजे नुसत्या दिशा नव्हेत. अनेकदा तो रस्ता कसा गाठायचा याची माहिती असतो, किंवा एखादी वस्तू कशी वापरायची याच्या सूचना. पाहुणे फोनवर ‘डायरेक्शन्स द्या’ म्हणतात तेव्हा त्यांना वळणं आणि खुणा हव्या असतात.

पत्ता सांगायचा, तर छोटे शब्दच महत्त्वाचे. ‘ऑन एल. जे. रोड’ म्हणजे इमारत रस्त्यावरच आहे. ‘ऑफ एल. जे. रोड’ म्हणजे त्या रस्त्यापासून आत, गल्लीत. (एल. जे. म्हणजे लेडी जमशेटजी. माहीम आणि वांद्रे जोडणारा कॉजवे त्यांच्याच पैशातून बांधला गेला, 1845 मध्ये खुला झाला.) ‘अपोझिट’ म्हणजे समोर, रस्त्यापलीकडे. ‘नेक्स्ट टू’ म्हणजे अगदी शेजारी. ‘बिहाइंड’ म्हणजे मागे. ‘नियर’ म्हणजे नुसतं जवळ. माझ्या मते पत्त्यातला सगळ्यात आळशी शब्द. 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलावताना ‘चर्चजवळ’ एवढं सांगून भागत नाही. चर्चच्या समोर की मागे, रस्त्यावर की गल्लीत, स्टेशनच्या ईस्टला की वेस्टला, हे आधी सांगा. घरातल्या मुलांकडूनही एकदा म्हणवून घ्या.

गंमत अशी, की ‘ॲड्रेस’ हा शब्दही डायरेक्शनच्याच घरचा. मूळ लॅटिन, अर्थ सरळ करणे, रोख धरणे. ‘ड्रेस’ही त्याच घरातला, आधी त्याचा अर्थ होता नीट लावणे, व्यवस्थित करणे. म्हणून जखम नीट बांधण्यालाही ‘ड्रेसिंग’च म्हणतात. आणि सिनेमाच्या डायरेक्टरला मराठीने ‘दिग्दर्शक’ म्हटलं, म्हणजे दिशा दाखवणारा. फार नेमका शब्द, मला तर तो इंग्रजीपेक्षा आवडतो.

आता जिथे चूक महागात पडते तिथे येऊ. जुन्या चाळींत, इमारतींत राहणाऱ्या बायकांना नोटिसा नव्या नाहीत. पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या याद्या लागतात, दारावर कागद चिकटतो. त्यात ‘यू आर रिक्वेस्टेड टू’ असेल, तर ती विनंती. ‘ॲडव्हाइज्ड’ असेल, तर सल्ला. पण ‘यू आर हिअरबाय डायरेक्टेड टू’ असेल, तर तो आदेश आहे. पुढे बहुधा ‘विदिन’ येतं, म्हणजे इतक्या दिवसांच्या आत. त्या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि कागद त्याच दिवशी जाणत्या माणसाला किंवा वकिलाला दाखवा. ‘डायरेक्टेड’ला पत्त्याचा कागद समजून कपाटात ठेवू नका.

दुसरी जागा औषधाची. बाटलीवर ‘ॲज डायरेक्टेड बाय द फिजिशियन’ छापलेलं असतं. म्हणजे किती घ्यायचं ते बाटलीवर नाहीच, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं घ्यायचं. शेजारच्या वहिनींना जेवढं दिलं होतं, तेवढं आपल्या मुलाला द्यायचं नाही. ‘डायरेक्ट सनलाइट’पासून दूर ठेवा लिहिलं असेल, तर थेट उन्हात नको, खिडकीतल्या फळीवरून बाटली हलवा. चिठ्ठीवर ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा. ‘एसओएस’ बघून घाबरू नका. औषधाच्या चिठ्ठीत त्याचा अर्थ, गरज पडली तरच घ्या.

आणि ‘ओडी’? गोळीपुढे ‘ओडी’ असेल, तर दिवसातून एकदा. पण चष्म्याच्या कार्डावर ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा, ‘ओएस’ म्हणजे डावा. हाही लॅटिन, त्यातल्या ‘डी’चा शब्द आहे ‘डेक्स्टर’, उजवा. आपल्या ‘दक्षिण’चा तो सख्खा चुलतभाऊ. डोळ्यात घालायच्या थेंबांच्या चिठ्ठीवर ‘ओडी’ दिसलं, तर मात्र दुकानातून निघण्याआधी विचारून घ्या: दिवसातून एकदा, की उजव्या डोळ्यात?