उजाड टांकी पुन्हां नांदती कशी करावी?



कांचेच्या टांकींत पाणवनस्पति लावून त्यांत गोड्या पाण्यांतली चिमुकली कोळंबी पाळण्याचा छंद अलीकडे आपल्याकडेही रुजला आहे. शेवाळावर चरणारी ती पेराएवढी तांबडी कोळंबी पाहतांना वेळ कसा जातो हें ज्यानें ती पाळली त्यालाच ठाऊक. ही शोभा कशी मांडावी हें सांगणारे पुष्कळ भेटतात. ती एका रात्रींत विसकटली म्हणजे काय करावें हें सांगणारे थोडे. सकाळीं उठून पाहावें तों पाणी गढूळलेलें, कोळंबी तळाशीं आडवी पडलेली, पानें विरघळूं लागलेलीं. अशा वेळीं बहुतेक मंडळी टांकी उपसतात, वाळू नळाखालीं खळखळून धुतात, कांचा घासून लख्ख करतात आणि दुसऱ्याच दिवशीं नवी कोळंबी आणून सोडतात. ती आठवड्याभरांत मरते. मला आज सांगावयाचें आहे तें हेंच कीं, या दुसऱ्या मरणाचें कारण बहुधा तें धुणेंच असतें.

हा छंद आकारास आला तोच मुळीं एका बिघाडाच्या पोटीं. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें एका मोठ्या कांचपात्रांत दोन सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया नांवाचें, रिबिनीसारख्या पानांचें पाणरोप ठेवलें. वनस्पतीनें प्राणवायु द्यावा आणि माशांनीं सोडलेला कार्बन डायॉक्साइड आपण घ्यावा, असा त्याचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. पण पुढें जुनीं पानें कुजूं लागलीं, हिरवा बुळबुळीत थर चढला आणि पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें पात्रांत तळ्यांतल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजलेला भाग खाऊन टाकला, त्यांचीं अंडीं माशांना खाद्य म्हणून उपयोगीं पडलीं, आणि पाणी निवळलें. हा वृत्तांत त्यानें १८५० सालीं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें मांडला. तीनच वर्षांनीं, १८५३ मध्यें, लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सर्वांसाठीं मत्स्यालय उघडलें.

वॉरिंग्टनला प्राणवायूचा हिशेब ठाऊक होता, नायट्रोजनचा नव्हता. जलचरांच्या विष्ठेंतून, उरलेल्या खाद्यांतून आणि सडत्या पानांतून पाण्यांत अमोनिया उतरतो. तो अल्प प्रमाणांतही घातक असतो; पाणी जितकें उष्ण व क्षारधर्मी, तितका अधिक. कांहीं जंतु या अमोनियाचें नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचें नायट्रेट. नायट्राइटही विषच, नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य, आणि वनस्पतींचें तर तें खतच होय. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यानें या जंतूंचा उलगडा १८९० च्या सुमारास केला. हीं दोन्ही कामें एकटा जंतुही करूं शकतो असें २०१५ सालीं आढळून आलें, आणि मौज अशी कीं त्यांतले कांहीं जंतु मत्स्यपालनाच्या एका गाळणींतच सांपडले होते.

हे जंतु पाण्यांत फारसे तरंगत नसतात. वाळूच्या कणांवर, दगडांवर, पानांवर, गाळणीच्या स्पंजांत त्यांचा पातळ थर बसलेला असतो, आणि ते फार सावकाश वाढतात. दुधाला विरजण लावलें तर रात्रींत दहीं होतें. या जंतूंना नवा संसार थाटावयास चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यांत क्लोरीन घालतात तो जंतु मारण्यासाठींच. त्या पाण्यानें स्पंज धुणें म्हणजे विरजणाचें भांडें उकळत्या पाण्यानें विसळण्यासारखें आहे.

तेव्हां टांकी बिघडली असतां हात घालण्यापूर्वीं बिघाड कशाचा हें पाहावें. मासे धडधाकट आणि कोळंबी मात्र सगळी मेलेली, असें दिसलें तर संशय कीटकनाशकाचा किंवा तांब्याचा धरावा. कोळंबी ही कीटकांची दूरची भाऊबंद. डासांसाठीं वापरलीं जाणारीं बहुतेक औषधें तिलाही तितक्याच त्वरेनें मारतात. खोलींत फवारा मारला कीं त्याचे सूक्ष्म कण हवेच्या पंपावाटें थेट पाण्यांत जातात. तांब्याची कथा अधिक विचित्र. कोळंबीच्या रक्तांत प्राणवायु वाहून नेण्याचें काम तांबेंच करतें, तरीही माशांच्या औषधांतून उतरलेलें मोरचूद तिला मारक ठरतें. विषाचा प्रकार असेल तरच वाळू फेकून द्यावी, कारण तीं विषें वाळूला चिकटून राहतात. टांकी पूर्ण धुण्याचा हा एकच योग्य प्रसंग मी मानतों.

सगळे जीव पहाटे पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकीत असतील तर उणीव प्राणवायूची. वनस्पतिही रात्रीं प्राणवायु घेतात, म्हणून पहाटेस तो सर्वांत कमी असतो. त्यांत उन्हाळा. २० अंश उष्णतेच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, ३० अंशांवर सुमारें साडेसातच. वैशाखांत वीज गेली कीं संकट दुहेरी होतें: हवेचा पंप थांबतो आणि बंद डब्याच्या गाळणींतले जंतु कांहीं तासांतच गुदमरतात. वीज आल्यावर ती गाळणी तशीच चालूं केली तर आंतलें कुबट पाणी टांकींत ओतलें जातें. आधीं तें फेकावें, स्पंज टांकींतल्याच पाण्यांत एकदां पिळावा, मग बटण दाबावें. पाण्यावर साधा पंखा सोडला तरी बाष्पीभवनानें दोन-तीन अंश उतार पडतो.

एकेक कोळंबी कात टाकतां टाकतां मरत असेल, मानेमागें पांढरें कडें दिसत असेल, तर दोष बहुधा पाण्याच्या क्षारांचा. मुंबईचें नळाचें पाणी तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचें, म्हणून मृदु. कवच बांधावयास लागणारा चुना त्यांत थोडा. गाळणींत शिंपल्यांचा चुरा ठेवल्यानें हें भागतें. देशावर विहिरीचें किंवा विंधणविहिरीचें पाणी वापरणाऱ्यांना ही अडचण सहसा पडत नाहीं.

आतां पुनर्बांधणी. विष नसेल तर मेलेले जीव आणि कुजलेलीं पानें काढावींत, क्लोरीन मारलेलें पाणी घालून तिसरा हिस्सा पाणी बदलावें, आणि वाळूला हात लावूं नये. टांकीच फुटली असेल तर जुनी वाळू व स्पंज जुन्याच पाण्याच्या बादलींत ठेवून त्यांत हवा चालूं ठेवावी. तीं सुकूं देऊं नयेत. क्रिप्टोकोराइनसारखीं रोपें धक्का बसला कीं सगळीं पानें टाकून देतात. तीं मेलीं असें समजून लोक उपटून फेकतात. वास्तविक मूळ घट्ट असेल तर कांहीं आठवड्यांत नवें पान फुटतें. सोबत हायड्रिला किंवा तसलें भरभर वाढणारें रोप दाट लावावें, कारण तें अमोनिया थेट शोषून घेतें. तळ्यांतून आणलें तर आठ-पंधरा दिवस वेगळ्या भांड्यांत ठेवून पाहावें. चतुराची एखादी अळी त्याबरोबर आली तर ती कोळंबीचा फडशा पाडते. आणि उलट दिशेनें, टांकींतलीं परदेशी रोपें व जीव ओढ्या-तळ्यांत कधींही टाकूं नयेत. साताऱ्याच्या कास पठारावरचा वायतुरा ही आपल्याकडची दुर्मिळ पाणवनस्पति. तिच्या शेजारीं परकी पीडा नको, आणि हौसेपायीं ती उपटून आणणेंही नको.

दिवा आरंभीं सहा तासच लावावा. कांचांवर तपकिरी, मग हिरवा थर येईल. समोरची कांच तेवढी पुसावी, बाकीचा थर राहूं द्यावा. तो येणाऱ्या कोळंबीचा शिधा आहे. शेवाळ खाण्यासाठीं कोळंबी पाळण्याची प्रथा ज्यांनीं रूढ केली ते जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५). त्यांच्या आवडीची यामातो कोळंबी मोठी व कामसू. पण तिच्या अळ्यांना खारट पाणी लागतें, म्हणून घरच्या टांकींत तिची वीण टिकत नाहीं. तैवान व चीनकडची चेरी कोळंबी यासाठीं सोयीची. मूळची ती मातकट रंगाची. तांबडा रंग निवडीनें आणलेला आहे.

ती आणण्याची घाई मात्र करूं नये. अमोनिया व नायट्राइट थेंबांच्या परीक्षेंत सलग आठवडाभर शून्य दिसले पाहिजेत. त्यानंतरही प्रथम दोन-तीनच सोडाव्यात, आणि त्या आठ दिवस सुखरूप राहिल्या तर आणखी सात-आठ. पिशवींतलें पाणी एका भांड्यांत ओतून, बारीक नळीला गांठ मारून, टांकींतलें पाणी थेंब थेंब असें दीड-दोन तास त्यांत पडूं द्यावें. पुढें दर आठवड्यास दहावा हिस्साच पाणी बदलावें. खाद्य दोन तासांत संपेल इतकेंच घालावें. बहुतेक टांक्या उपासानें बुडत नाहींत, मेजवानीनें बुडतात.

सर्व जुळून आलें तर महिन्या-दोन महिन्यांत एखादी मादी पोटाखालीं वीस-तीस पिवळसर अंडीं घेऊन फिरतांना दिसेल. ती आपल्या पायांनीं त्यांना सारखा वारा घालीत असते. तीन-चार आठवड्यांत पिल्लें निघतात तीं दोन मिलिमीटरांचीं, पण आईसारखींच घडलेलीं. त्यापूर्वींच गाळणीच्या तोंडाला स्पंजाचा तुकडा बसवून ठेवावा, नाहींतर तीं आंत ओढलीं जातात. दिवसा तीं शेवाळांत दडून राहतात. मोजावयाचीं असतील तर रात्रीं दिवा मालवून तासाभरानें बॅटरीच्या उजेडांत समोरच्या कांचेवर पाहावें.