सामरीला हसलो, आजीला घाबरलो

आज भुतांबद्दल बोलायचं आहे. म्हणजे सिनेमातल्या भुतांबद्दल. खरी असतात की नसतात, या वादात मी पडणार नाही. माझा प्रश्न साधा आहे. एक भयपट बघताना अंगावर काटा येतो आणि दुसरा बघताना आपण चिवडा खात हसत बसतो, असं का होतं?

सुरुवात आमच्या जबलपूरच्या एका रात्रीपासून करतो. साल १९८५. मी आठवीत होतो. तेव्हा चार घरं मिळून पैसे काढायची, एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्यानं आणायची, आणि सकाळी परत करायचा म्हणून रात्रभरात तीन सिनेमे उरकायची. त्या रात्री मधला सिनेमा होता 'पुराना मंदिर'. रामसे बंधूंचा, १९८४ चा. टॉकीजमध्ये त्याला 'ए' सर्टिफिकेट, आम्हा पोरांना आत कोण सोडणार? पण व्हीसीआरला दरवान नसतो. सामरी नावाचा राक्षस, त्याचं मुंडकं एकीकडे, धड दुसरीकडे. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा आम्ही उशा तोंडावर घेतल्या. पाचव्यांदा दिसला तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "याला जरा दाढी करायला सांगा रे." आणि सगळी खोली हसली. मधे मधे जगदीपचं 'शोले'च्या नकलेचं प्रकरण होतंच. म्हणजे भीती जरा साठली की सिनेमाच झाकण उघडून वाफ सोडून द्यायचा.

रात्री अडीचच्या सुमाराला मला झोप आली म्हणून मी एकटाच घरी आलो. मागच्या दारानं. स्वयंपाकघरात दिवा नव्हता, पण विळीचा आवाज येत होता. आमची आजी पाटावर बसून चिरत होती. तो आवाज मी रोज ऐकायचो, तो मला झोपेतही ओळखू आला असता. अंगणातल्या उजेडात जरा नीट दिसलं, तेव्हा कळलं की विळीवर भाजीच नाही. नुसतेच हात चालले होते. तिनं मान वर केली, छान हसली आणि म्हणाली, "आलास वसंता? हात धू, वाढते."

वसंता म्हणजे तिचा धाकटा भाऊ. माझ्या वडिलांची मुंज व्हायच्याही आधी तो गेला होता.

मी ओरडलो नाही, पळालो नाही. नुसता उंबऱ्यावर उभा राहिलो. सामरीनं जे केलं नाही ते त्या एका वाक्यानं केलं. आज चाळीस वर्षं झाली, पण सामरीचा चेहरा आठवायला मला पोस्टर बघावं लागतं. विळीचा आवाज मात्र अजून कानात आहे.

आता हे काय झालं ते बघू. मराठीत आपण 'भीती' हा एकच शब्द चार गोष्टींना वापरतो. दचकणं वेगळं. फटाका फुटला की पापणी मिटते, खांदे वर जातात, ते शरीर आपसूक करतं. त्यात विचार नाही आणि ते टिकत नाही. किळस वेगळी. समोर वाघ आला तर वाटते ती भीती वेगळी, कारण तिथे काय करायचं ते ठाऊक असतं: पळायचं. आणि चौथं ते, ज्याला आपल्या आया 'कसंतरीच झालं' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. काय झालं ते सांगता येत नाही, तेच तर झालेलं असतं.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या मॅकअँड्रू आणि कोन्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी या 'कसंतरीच'चा अभ्यास प्रसिद्ध केला. तेराशेहून जास्त लोकांना त्यांनी विचारलं की तुम्हाला माणसं विचित्र, अंगावर येणारी कधी वाटतात? त्यांचा निष्कर्ष असा की धोका आहे हे नक्की झालं की ती भावना राहत नाही. धोका आहे की नाही हेच ठरत नसतं, तेव्हा ती असते. त्याच्या कितीतरी आधी, १९१९ मध्ये, फ्रॉइडनं यावर निबंध लिहिला. त्यातल्या जर्मन शब्दाचा शब्दशः अर्थ 'घरचं नसलेलं' असा होतो. फ्रॉइडचं सगळंच मला पटत नाही, पण एवढं खरं, की परकं भूत परकंच राहतं. घरचं माणूस परकं झालं की घोटाळा होतो.

याचा सगळ्यात मोठा पुरावा सिनेमात नाही, आमच्याच मुलखात आहे. कर्नल स्लीमनचं नाव ऐकलं असेल, ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी. त्याचं मुख्य ठाणं जबलपूर. त्याआधी, १८२२ ते १८२४, तो शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार बघत होता, आणि त्याला वाटायचं की आपल्या जिल्ह्यातली बारीकसारीक चोरीसुद्धा आपल्याला कळते. पुढे त्यानं स्वतःच लिहिलंय, की कचेरीपासून चारशे यार्डांवर, कंदेली गावात, ठगांची टोळी राहत होती आणि त्याला पत्ताही नव्हता.

पुढे फिरंगिया नावाचा ठग पकडला गेला आणि माफीचा साक्षीदार झाला. स्लीमन त्याला घेऊन सागरच्या बाजूला एका आमराईत मुक्कामाला होता. फिरंगियानं सांगितलं, प्रेतं इथेच आहेत, तुमच्या तंबूपाशी. खणलं, आणि एकेक सापळा निघायला लागला. तेव्हा स्लीमनची बायको तंबूत झोपलेली होती, आणि मारल्या गेलेल्यांपैकी काहींची जागा बरोबर तिच्या खाली होती.

यात कुणी किंचाळत नाही. तंबू तोच, झोप तीच, आंब्याची सावली तीच. फक्त एक गोष्ट कळली. आणि ठगांची रीतही हीच सांगतात. चार-चार दिवस वाटसरूंबरोबर चालायचं, जेवायचं, गाणी म्हणायची, आणि मग कुणीतरी सहज म्हणायचं, तंबाखू आणा रे. तो इशारा. (ठगांचा आकडा आणि त्यांची संघटना इंग्रजांनी फुगवली असं म्हणणारे इतिहासकार आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. पण तो वेगळा विषय.) गंमत बघा, 'पुराना मंदिर' आला त्याच १९८४ मध्ये हॉलिवूडनं ठगांवर इंडियाना जोन्सचा सिनेमा काढला. त्यातला पुजारी जिवंत माणसाच्या छातीत हात घालून काळीज बाहेर काढतो. मला विचाराल तर त्या काळजापेक्षा 'तंबाखू आणा रे' शंभर पट भयंकर आहे. काळीज काढणारा दुरून ओळखू येतो. तंबाखू तर तुम्हीही मागता.

हे ध्यानात ठेवून आपले सिनेमे बघा. विशाल फुरियांचा 'लपाछपी' आठवा. पूजा सावंतची गरोदर नेहा, सभोवती ऊस आणि लख्ख ऊन. अंधाराचा आधारच घेतलेला नाही. आणि भीती कुणाची? उषा नाईकांच्या तुळसाबाईची. ती वेळेवर वाढते, काळजी घेते, कौतुक करते. ही माया आहे की पाळत, हे नेहाला ठरवता येत नाही आणि आपल्यालाही नाही. पुढे सगळा उलगडा होतो, तेव्हा राग येतो, वाईट वाटतं. पण पाठीतली ती थंडी पहिल्या अर्ध्या भागातच असते. रामगोपाल वर्माच्या 'भूत'मध्येही (२००३) तेच. मुंबईतला उंच इमारतीतला फ्लॅट, गाणी नाहीत, आणि रात्री शेजारून उठून जाणारी स्वतःची बायको. तोवर उत्तम. एकदा तिच्या अंगात कोण आलंय हे ठरलं आणि रेखाची मांत्रिक आली, की आपण निवांत. आता तो इलाजाचा सिनेमा झाला.

'तुंबाड'बद्दल (२०१८) तर तासभर बोलता येईल. राही बर्वेंनी त्याचं बीज नारायण धारपांच्या कथेवरून घेतलं. त्यातली सोन्याची विहीर देखणी आहे, पण मी हललो तो आधीच्या भागात. आई घरी नाही आणि म्हातारीला जेवण भरवायचं काम पोरावर आलंय. मी हललो त्याचं कारण तुम्हाला आता माहीतच आहे.

आणि फसतात ते का फसतात? आमच्या भेडाघाटला आला असाल तर तिथले नावाडी माहीत असतील. संगमरवराच्या कड्यांमधून नाव नेताना त्यांची यमकं जुळवत अखंड बडबड चालू असते. इथे अमका सिनेमा झाला, तिथे माकडं उडी मारायची. लोक खो खो हसतात. एकदा चांदण्या रात्री आम्हाला असा नावाडी मिळाला की तो बोललाच नाही. दमला असेल बिचारा. वल्ह्याचा आवाज, दोन्ही बाजूंनी पांढरे उभे कडे आणि खाली किती खोल ते कळत नाही. नावेतल्या दहा माणसांपैकी एकही बोलेना. आपल्या बहुतेक भयपटांचं पार्श्वसंगीत म्हणजे तो बडबडा नावाडी. आता घाबरा, आता सावध, आता मांजर येणार! सगळं ठरवून दिल्यावर प्रेक्षकाला काम काय उरलं? दचकायचं आणि पॉपकॉर्न उचलायचं.

एक मात्र मनापासून सांगायचंय. स्वस्तातला उपाय म्हणून सुरकुतलेली, केस मोकळे सोडलेली, स्वतःशी पुटपुटणारी म्हातारी दाखवणारे सिनेमे मला आता बघवत नाहीत. कारण ती म्हातारी आमच्या घरात होती. त्या रात्रीनंतर दोन-अडीच महिने मी तिच्या खोलीत गेलो नाही. स्मृतिभ्रंश हा शब्द तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हता. 'म्हातारपण' म्हणायचे. ती हाक मारायची, वसंता, वसंता, आणि मी गच्चीवर जाऊन बसायचो.

२०२० मध्ये 'द फादर' आला. भयपट नाही तो. अँथनी हॉपकिन्सला स्मृतिभ्रंश झालाय, आणि सिनेमा त्याच्या डोळ्यांनी दिसतो. घर तेच, पण सामान हळूच बदललेलं. मुलगी आत येते आणि तिचा चेहरा दुसऱ्याच बाईचा. दिग्दर्शकानं भयपटाची सगळी हत्यारं वापरली आहेत, एकही भूत न आणता. तो बघताना मला पहिल्यांदा सुचलं, की त्या रात्री स्वयंपाकघरात घाबरण्यासारखी परिस्थिती माझी नव्हती. आपलंच घर, आणि दारात एक अनोळखी पोरगा उभा. काही बोलत नाही, जवळ येत नाही, नुसता बघतोय. तिनं त्याला ओळखीचं नाव दिलं आणि जेवायला बोलावलं.

शेवटच्या हिवाळ्यात मी जायला लागलो तिच्याकडे. ती वसंता म्हणायची, मी ओ द्यायचो. एकदा तिनं विचारलं, "नर्मदेला पूर उतरला का रे?" मी म्हटलं, "उतरला, ताई." ती म्हणाली, "मग नीज आता."