परत येणारा भोवरा

भोवऱ्याला जाळी गुंडाळून तो जमिनीवर फेकला की मुलाचा त्याच्यावरचा अधिकार संपतो. भोवरा आरेवर फिरतो, गुणगुणतो, डुलू लागतो आणि अखेर लवंडतो. मुलाने तोवर नुसते पाहत राहावे, फार तर हातजाळी करून त्याला तळहातावर घ्यावे. कातीव लाकडाच्या याच कुळातले दुसरे एक खेळणे मात्र फेकणाऱ्याच्या बोटाशी शेवटपर्यंत बांधलेले असते. दोन जाड चकत्या, त्यांना मधोमध जोडणारा लाकडी आस आणि त्या आसाभोवती गुंडाळलेली सुती दोरी, एवढाच त्याचा संसार. अमेरिकेतील काही कारखानदारांनी त्याला ‘परत येणारा भोवरा’ असे नाव दिले होते. जग त्याला योयो म्हणून ओळखते.

खेळणे फार जुने आहे. इ. स. पूर्व 440 च्या सुमाराच्या, बर्लिनच्या संग्रहात असलेल्या एका ग्रीक पात्रावर योयो खेळणारा मुलगा रंगविलेला आहे. उत्तर हिंदुस्थानातील अठराव्या शतकातल्या चित्रांतही हे खेळणे हाती घेतलेली स्त्री दिसते. ग्वाल्हेर-इंदूरकडील वाचकांना चकई हा शब्द अनोळखी नसेल. सूरदासांच्या पदांतला बाळकृष्ण आईजवळ भोवऱ्याबरोबर चकडोरीही मागतो. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या दिवसांत देश सोडून जाणाऱ्या सरदारांवरून याला ‘एमिग्रेत’ असे नाव पडले, इंग्लंडात ते ‘बँडलोर’ झाले आणि 1866 साली अमेरिकेतील सिनसिनाटीच्या दोन गृहस्थांनी सुधारलेल्या बँडलोरचे पेटंटही घेतले. फिलिपाइन्समधील शिकारी हे शस्त्र म्हणून वापरीत, अशी एक कथा पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. कथा चटकदार आहे. तिला पुरावा मात्र नाही.

तथापि फिलिपाइन्सचे या खेळण्यावर जे खरे ऋण आहे, ते त्या कथेहून मोठे आहे. पश्चिमेकडील जुन्या योयोत दोरी आसाला पक्की बांधलेली असे. असा योयो खाली जातो, दोरी संपते आणि तो तसाच वर येतो. खाली-वर, खाली-वर, चार दिवसांत मुलाला त्याचा कंटाळा यावा. फिलिपिनो लोक दोरी आसाला बांधीतच नसत. दुप्पट लांबीचा धागा मधोमध दुमडून त्याला पीळ घालायचा, दुमडीपाशी तो पीळ किंचित उलगडून फासा उघडायचा, त्यातून चकती पार करून तो आसावर बसवायचा आणि पीळ पुन्हा मिटू द्यायचा. कृती एवढीच, पण या सैल फाशामुळे योयो दोरीच्या टोकाशी पोहोचल्यावर परत न फिरता तिथेच फिरत राहू शकतो. खेळाडू याला योयो ‘झोपला’ असे म्हणतात. वस्तुतः त्याच्या अंगी सर्वांत अधिक वेग असतो तो याच क्षणी, परंतु लांबून पाहणाऱ्यास तो निश्चल लोंबकळल्यासारखा दिसतो.

झोपलेला योयो जागा कसा होतो, यात सगळे मर्म आहे. बोटाने दोरीला हलका हिसका दिला की योयो किंचित वर उचलला जातो आणि क्षणभर दोरी ढिली पडते. ढिल्या दोरीचा फासा फिरत्या आसाला चिकटून त्याच्याबरोबर फिरू लागतो, दोरीचा पहिला वेढा बसतो, त्यावर दुसरा चढतो आणि उरलेल्या वेगाच्या बळावर योयो दोरी गुंडाळीत हातात येतो. म्हणजे जे घर्षण योयोचा वेग खाऊन त्याला थांबवू पाहते, तेच त्याला परतही आणते. घर्षण फार असेल तर योयो झोपणार नाही, फार कमी असेल तर उठणार नाही. लाकडी आसाच्या योयोत या दोन्ही गोष्टी एकाच बोटभर लाकडावर अवलंबून असतात. त्या दोहोंमधील अरुंद जागेत खेळाडूला आपला खेळ बसवावा लागतो.

1985 साली डेव्हिड ग्रिग्ज या अंतराळवीराने ‘डिस्कव्हरी’ यानातून एक योयो नेला होता. तो प्लॅस्टिकचा होता, परंतु त्याने जे दाखविले ते लाकडालाही लागू आहे. वजनरहित अवस्थेत योयो झोपेना. पृथ्वीवर त्याचे वजन दोरी ताणून धरते म्हणून फासा सैल राहून घसरतो. ते वजनच नाहीसे झाल्यावर टोकाशी गेलेला योयो लगेच परत येऊ लागला.

लाकडी योयो खेळणाऱ्याचे पुष्कळसे लक्ष दोरीकडे असते. योयो जमिनीवर टेकवून दोरी साधारण बेंबीपर्यंत यावी, असा जुना अंदाज आहे. खेळता खेळता तिचा पीळ वाढतो किंवा सुटतो. पीळ वाढला तर फासा आसाला आवळतो आणि योयो टोकाला पोहोचताच परत येतो. पीळ सुटला तर तो मजेत झोपतो आणि कितीही हिसके दिले तरी तिथेच मरतो. म्हणून जाणता खेळाडू मधूनमधून योयो मोकळा लोंबू देऊन पीळ बेताचा करून घेतो. दोरी सुतीच हवी. कृत्रिम धाग्याची दोरी लाकडावर घासून तापली की वितळते. सूत करपेल, झिजेल, पण वितळणार नाही. दमट हवेत सूत फुगते आणि काल मऊ चाललेला योयो आज हट्टी होतो. फेकताना हाताचा पंजा वर, कोपर दुमडलेले आणि झटका मनगटाचा. जमिनीवर कुत्रे फिरवावे तसा योयो चालविणे, दोरीच्या त्रिकोणी पाळण्यात त्याला जोजविणे, हे खेळ तो झोपलेला असतानाच करावयाचे असल्याने वेळ मोजकाच असतो. काही सेकंदांत पाळणा बांधून, जोजवून, सोडवूनही घ्यायचा.

ही सैल दोरी अमेरिकेत लोकप्रिय केली ती पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो तरुणाने. उत्तर लुझोनमधील विंतार गावचा हा मुलगा 1915 साली अमेरिकेत गेला, काही काळ कायदा शिकला, तो सोडून पडेल ती कामे करू लागला आणि 1928 साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे त्याने योयोचा कारखाना काढला. योयो आपण शोधून काढला, असे त्याने कधी म्हटले नाही. थोड्याच काळात धंदा इतका वाढला की डोनाल्ड डंकन या व्यापाऱ्याने तो नावासकट विकत घेतला. डंकनने फिलिपिनो खेळाडू नोकरीस ठेवून गावोगाव पाठविले. ते दुकानासमोर उभे राहून खेळ करीत आणि मुलाने योयो विकत घेतला की खिशातला चाकू काढून त्याच्या चकतीवर ताडाचे झाड, पक्षी किंवा त्या मुलाचे नाव कोरून देत. मंदीच्या त्या दिवसांत अमेरिकेतील मुलांना हा मोठाच नजराणा वाटे. हे कोरणारे हात ज्यांचे होते, त्या फिलिपिनो लोकांना अमेरिकेचे नागरिक होण्याची मुभा 1946 चा कायदा होईपर्यंत नव्हती, हे त्या मुलांना अर्थातच ठाऊक नव्हते.

त्याच 1946 साली डंकन कंपनीने विस्कॉन्सिनमधील लक नावाच्या गावी मोठा कारखाना उभारला. त्या मुलखात मेपलचे कठीण लाकूड मुबलक. तासाला 3600 योयो कातून निघत. 1962 साली दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या जोरावर कंपनीने 4 कोटी 50 लाख योयो विकले. इतके यश तिला झेपले नाही. जाहिरातीचा व उत्पादनाचा खर्च फुगत गेला, आणि त्यातच ‘योयो’ हे नाव आपल्या एकट्याच्या मालकीचे आहे हा तिचा दावा 1965 साली न्यायालयात फसला. फिलिपाइन्समध्ये हे खेळण्याचे सर्वसाधारण नाव आहे, असा निर्णय झाला. त्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले आणि 1968 साली तिचे नाव प्लॅस्टिकच्या वस्तू बनविणाऱ्या फ्लॅम्बो कंपनीकडे गेले. लाकडी योयोचा मोठा बाजार तिथे संपला. पुढे आसावर छर्ऱ्यांचे बेअरिंग बसले. बेअरिंगचा योयो मिनिटामागून मिनिटे झोपतो, आणि आज स्पर्धांत दिसणारे बहुतेक योयो नुसत्या हिसक्याने परतही येत नाहीत. त्यांना दोरीचा वेगळा वेढा घालून उठवावे लागते. त्यांच्यावर होणारे खेळ अचाट असतात हे खरे. पण झोपणे आणि उठणे या दोहोंचा झगडा त्यांच्यात उरलेला नाही, आणि काही खेळाडू पुन्हा लाकडी आसाकडे वळतात ते त्या झगड्यासाठीच.

जुने लाकडी योयो जमविणाऱ्यांपुढे निराळाच पेच असतो. त्यांना हवा असतो न खेळलेला नग. चकतीवरचा सोनेरी ठसा अथवा चिकटविलेले चित्र शाबूत असावे, रंगाचे पट्टे उडालेले नसावेत, फटीत उजेड धरून पाहिले तर आस पांढरा स्वच्छ असावा. दोरीने घासलेल्या आसावर काळपट कडे उमटते, आणि ते दिसले की किंमत उतरते. परंतु लाकूड प्रत्येक ठिकाणी सारख्या घनतेचे नसते. एकाच घाण्याचे दोन योयो, एक सरळ फिरेल, दुसरा डगमगेल. कोणता कसा आहे हे फेकल्यावाचून कळत नाही, आणि फेकला की कडे उमटू लागते. कपाटातला निष्कलंक योयो चांगला आहे की वाईट, हे त्याच्या मालकालाही सांगता येणार नाही.

चाकूने कोरलेल्या योयोंपुढे मात्र संग्राहकांचा हा नियम चालत नाही. त्यांचा रंग कापला गेलेला असतो, आस बहुधा झिजलेला असतो, आणि तरीही ताडाचे झाड असलेला नग लोक मुद्दाम शोधून घेतात. बाजाराच्या तऱ्हा अनेक. अध्यक्ष निक्सन यांनी 1974 साली नॅशव्हिलच्या रंगमंचावर गायक रॉय एकफ यांच्या योयोवर सही केली. तो योयो पुढे लिलावात 16,029 डॉलरना गेला. तिथे मोल सहीचे होते. ताडाच्या झाडाखाली बहुधा कोरणाऱ्याची सही नसते. असते ते एखाद्या मुलाचे नाव.

खेळणारे आणि जमविणारे यांच्यातील तंटा थोडाफार मिटविला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम कून या दंतवैद्याने. 1978 साली त्याने ‘नो जाइव्ह’ नावाचा लाकडी योयो काढला. त्याच्या दोन्ही चकत्या सुट्या होतात, उलटसुलट बसवून तीन आकार करता येतात, आणि झिजलेला लाकडी आस काढून नवा घालता येतो. याच नमुन्याचा, माणसाच्या छातीएवढ्या उंचीचा एक प्रचंड योयो त्याने पुढच्याच वर्षी करविला. त्याचे वजन 256 पौंड. तो फेकण्यासाठी क्रेन लागते. सध्या तो कॅलिफोर्नियातील चिको गावच्या योयो संग्रहालयात आहे.