कोराकुएनचे 28 डाव

अमेरिकी विमानांनी टोकियोवर पहिल्यांदा बाँब टाकले, त्याला पाच आठवडे झाले होते. अमेरिका-जपान युद्धातली मिडवेची लढाई अजून व्हायची होती. 24 मे 1942 च्या त्या रविवारी टोकियोच्या कोराकुएन मैदानावर व्यावसायिक बेसबॉलचे एकाच दिवशी तीन सामने होते. तिसरा सामना नागोया आणि ताइयो या संघांचा. दुपारी पावणेतीनच्या सुमारास तो सुरू झाला.

बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असतो. बरोबरी झाली तर डाव वाढवत न्यायचे. नवव्या डावात ताइयोकडे 4-2 अशी आघाडी होती. नागोयाचे दोन गडी बाद झालेले, तिसरा गेला की खेळ खलास. तेवढ्यात फुरुकावा कियोझोने दोन धावांचा होमरन मारला आणि 4-4 झाले. त्यानंतर तब्बल 19 डाव कोणालाही एकसुद्धा धाव काढता आली नाही.

या साऱ्या वेळात दोन्ही संघांनी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, बदललाच नाही. ताइयोचा नोगुची जिरो 22 वर्षांचा, नागोयाचा निशिझावा मिचिओ 20 वर्षांचा. नोगुचीने 344 चेंडू टाकले, निशिझावाने 311. क्रिकेटच्या हिशेबात एकट्या नोगुचीची सत्तावन्न षटके झाली, तीही एका दुपारी. आदल्याच दिवशी त्याने दुसरा पूर्ण सामना टाकला होता, हे कळल्यावर आकडा वाचणाऱ्याचाच खांदा दुखू लागतो.

अमेरिकेत 1920 साली ब्रुकलिन आणि बोस्टन यांच्यात 26 डावांचा सामना झाला होता. तिथेही लिओन कॅडोर आणि जो ओश्गर हे दोघेच पिचर शेवटपर्यंत टिकले आणि सामना 1-1 असा सुटला. कोराकुएनवर तो विक्रम मागे पडला. अमेरिकेतल्या त्या सामन्याला 3 तास 50 मिनिटे लागली होती. इथे दोन डाव जास्त होऊनही 3 तास 47 मिनिटांत खेळ आटोपला. सरासरी काढली तर डाव बदलण्याचा वेळ धरूनही दर एकवीस सेकंदांना एक चेंडू पडत होता. युद्धकाळातले निकृष्ट चेंडू फटका बसूनही दूर जात नसत, त्यामुळे फलंदाज भराभर बाद होत.

पण सामना इतका लांबला का? बरोबरी लढाऊ बाण्याला शोभत नाही, अशी त्या काळची धारणा होती, असे सांगतात. मला या सामन्यातली जिद्द थोर वाटते. पण दोन पोरांना थांबवायला कोणीही पुढे झाले नाही, ही गोष्टही मनातून जात नाही. थांबवले ते अंधाराने. कोराकुएनवर तेव्हा प्रकाशझोत नव्हते. साडेसहाच्या सुमारास 4-4 वरच खेळ संपला.

नोगुचीने त्या हंगामात 40 सामने जिंकले आणि 527 डाव टाकले. निशिझावाने दोन महिन्यांच्या आत हांक्यू संघाविरुद्ध एकही यशस्वी फटका (हिट) न देता सामना जिंकला. पुढे सैन्यात असताना त्याचा खांदा निकामी झाला. युद्धानंतर तो फलंदाज म्हणून उभा राहिला, 1950 मध्ये त्याने 46 होमरन मारले आणि 1952 मध्ये फलंदाजीचे अजिंक्यपद मिळवले. नागोया संघातला त्याचा सहकारी, पिचर इशिमारू शिनइची, मात्र मे 1945 मध्ये आत्मघाती उड्डाणावर गेला आणि परतला नाही.

आज जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये हंगामातला सामना 12 डावांपुढे जात नाही.