बेसच्या तारा: समजुती खूप, घाम त्याहून जास्त

उल्हासनगर कॅम्प पाचपासून अंबरनाथ-बदलापूरपर्यंत वाजवणाऱ्यांचा हंगाम नेमका घामाच्या दिवसांत येतो. चेटीचंडला सिंधी ऑर्केस्ट्रा, चौदा एप्रिलच्या आगेमागे भीमगीतांचे कार्यक्रम, मग भर दमटपणात गणपती आणि लागलीच नवरात्र. बऱ्याच ठिकाणी आता बेसचं काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर भागतं. पण जिथे बेस गिटार अजून टिकून आहे, तिथे तिच्या तारांविषयी काही समजुती पिढीजात असल्यासारख्या चालत आल्या आहेत.

सगळ्यात पक्की समजूत म्हणजे जाड तार घेतली की बेस वाढतो. तो वाढत नाही. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची ई तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, मग ती जाड असो की बारीक. स्वर ठरतो तीन गोष्टींवर: तारेची लांबी, ताण आणि दर इंचामागचं वजन. लांबी तर ठरलेलीच आहे, बहुतेक बेसवर 34 इंच. मग वजन वाढवलं की त्याच स्वरासाठी ताण वाढवावा लागतो, एवढंच. म्हणून 45-65-85-105 हा नेहमीचा संच (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले) आणि 40-60-80-100 हा हलका संच यांच्यातला मुख्य फरक बोटांना कळतो. जाड तार कडक लागते, कमी लवते, वरचे स्वरांश जरा दाबते. पण खर्ज काही आणखी खाली जात नाही.

दुसरं असं की मांडवातल्या साध्या पंधरा इंची स्पीकरमधून 41 हर्ट्झ धडपणे बाहेर पडतच नाही. श्रोत्यांच्या कानावर येतात ते त्याच्या दुपटी-तिपटीतले, म्हणजे 80-120 हर्ट्झच्या आसपासचे स्वरांश. मूळ स्वर मेंदू आपल्या पदरचा जोडतो. दणका हवा असेल तर तारांवर पैसे घालण्याआधी साउंडवाल्याशी दोन शब्द बोलावेत.

जाडी बदलण्याचा परिणाम मात्र मानेवर होतो. चार तारा मिळून बेसची मान सत्तर-ऐंशी किलोच्या ताणाने ओढत असतात. संच जड केला की मान पुढे वाकते, तारा उंच होतात, आणि ‘या कंपनीच्या तारा हाताला लागतात’ अशी तक्रार सुरू होते. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट पाहा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी असली तर ठीक. जास्त असली तर ट्रस रॉड पाव फेरा आवळायचा, वाट पाहायची, पुन्हा बघायचं. कंपनीचा यात काही दोष नसतो.

नव्याकोऱ्या तारेचा खणखणीत आवाज म्हणजेच चांगला आवाज, ही समजूत खोडायला जरा मागे जावं लागतं. फेंडरचा प्रिसिजन बेस 1951 साली आला, तेव्हा बेसवर असत त्या फ्लॅटवाउंड तारा. मधल्या गाभ्याभोवती चपटी पट्टी गुंडाळलेली, बोटाला गुळगुळीत आणि आवाजाला ठाशीव. बाहेरून गोल तार गुंडाळलेली राउंडवाउंड तार बेसवर रुजली ती 1960 च्या दशकात. ‘द हू’चा जॉन एन्टविसल याने इंग्लंडच्या रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून 1966 च्या सुमारास आपल्या मनाजोगता पियानोसारखा झणझणीत आवाज काढून घेतला, आणि पुढे तोच आवाज नियम असल्यासारखा मानला गेला. पण त्याच काळात अमेरिकेत मोटाउनच्या गाण्यांवर जेम्स जेमर्सन ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा वाजवत होता. तार तुटल्याशिवाय तो बदलत नसे. जगाला नाचवणारी ती बेसलाइन जुन्या, मळक्या तारांवरची आहे. आपल्याकडे आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात बेस वाजवणारे टोनी वाझ यांचं काम ऐका. गाणं बेस उचलून धरतो, आणि त्यासाठी त्याला खणखणावं लागत नाही.

माझं मत विचाराल तर, आपल्या भागातल्या निम्म्याअधिक बेसवाल्यांनी फ्लॅटवाउंड घ्याव्यात. ढोलकीची चाट, ऑक्टापॅड आणि वरून कीबोर्ड असा गजर चालू असताना स्टीलच्या राउंडवाउंडची खरखर नेमकी त्यांच्याच पट्टीत जाऊन भांडते. मग वाजवणारा अॅम्पवरचा ट्रेबल शून्यावर आणतो, म्हणजे ज्या खणखणीसाठी जादा पैसे मोजले तीच बंद करतो! फ्लॅटवाउंड दुकानात सहसा दिसत नाहीत, मागवाव्या लागतात, पहिल्यांदा महागही वाटतात. पण त्यांच्यावर मळ बसायला खाचा नसतात, त्यामुळे वर्षानुवर्षं चालतात. फ्लॅट म्हणजे कडकच, हेही सरसकट खरं नाही. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्डच्या फ्लॅट तारा बऱ्याच राउंडवाउंडपेक्षा सैल लागतात.

‘वालधुनीच्या हवेने तारा मरतात’ हेही कॅम्पात ऐकायला मिळतं. त्या नदीचे हाल काय आहेत ते कुणाला सांगायला नको, पण हा आळ तिच्यावर घालता येत नाही. भिंग घेऊन वापरलेली राउंडवाउंड तार उजेडात धरा. दोन वेढ्यांमधल्या प्रत्येक खाचेत काळपट लगदा दिसेल: घामातलं मीठ, त्वचेचा तेलकटपणा, मेलेली कातडी. या लगद्यामुळे तारेचं वजन जागोजागी कमीजास्त होतं, वरचे स्वरांश विझतात. दमट हवा मिठाला साथ देते आणि गंज चढतो, हे खरं. पण मीठ आपल्याच बोटांचं असतं. म्हणून वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. काही जण गंज नको म्हणून शिवणयंत्राचं तेल फिरवतात, ते करू नका. तेलावर धूळ बसते आणि लगदा आणखी घट्ट होतो.

बेसची तार तुटेपर्यंत चालते, असंही मानतात. ती सहसा तुटत नाही, त्याआधी बेसूर होते. बाराव्या फ्रेटवर हलकं बोट टेकवून येणारा स्वर आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. पूर्वी जुळत होते आणि आता ब्रिजचं सॅडल पुढेमागे करूनही जुळत नसतील, तर तार गेली. उकळत्या पाण्यात टाकली की ती जिवंत होते, पण थोड्याच दिवसांपुरती, शिवाय आत राहिलेलं पाणी गंज आणतं. स्पिरिटमध्ये रात्रभर बुडवलेली तार जास्त टिकते, कारण स्पिरिट उडून जातं. हा उद्योग गॅसच्या शेगडीजवळ करू नये, हे सांगायला हवं.

धातूंबद्दलचा घोळ थोडक्यात. दुकानात ‘निकेल’ म्हणून मिळते ती बहुधा निकेलचा मुलामा दिलेली स्टीलची तार असते. शुद्ध निकेलची वेगळी येते, तिचा आवाज जुन्या धाटणीचा, मऊ. नायलॉनच्या तारा पिकअपला ऐकू येत नाहीत, हा समज टेपवाउंडच्या बाबतीत चुकीचा आहे. नायलॉनची पट्टी फक्त वरून असते, आत स्टील असतं, आणि चुंबकीय पिकअपला तेवढं पुरतं. स्टेनलेस स्टीलला चुंबक लागत नाही, मग ती तार वाजते कशी, असंही विचारतात. घरातल्या चांगल्या स्टीलच्या ताटाला चुंबक चिकटत नाही, हे बरोबर. पण तारांसाठीचं स्टेनलेस वेगळ्या जातीचं, चुंबकाला ओढलं जाणारं असतं. स्टेनलेस तार फ्रेट खाते, यात मात्र तथ्य आहे, कारण नेहमीच्या फ्रेटपेक्षा ती कठीण असते. आवळून दाबणाऱ्याने ती टाळावी. फ्रेटलेस बेसवर तर कुठलीही राउंडवाउंड लाकूड घासते. जॅको पॅस्टोरियसने म्हणूनच आपल्या फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा थर चढवला होता.

लेपाच्या, म्हणजे कोटेड, तारांना नाकं मुरडणारे पुष्कळ. ज्याचा हात खारट घामाने निथळतो त्याला त्या परवडतात, कारण लेपामुळे घाम खाचेत उतरत नाही. स्लॅप वाजवणाऱ्याने मात्र दोनदा विचार करावा, अंगठ्याखाली लेपाचे धागे सुटतात.

राहता राहिली खरेदी. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इथल्या लोकांनीच इतका पसरवला आहे की पाकिटावर अमेरिका छापलेली असली म्हणजे माल तिथलाच, असं निदान आपण तरी मानू नये. नावाजलेल्या तारांच्या नकला बाजारात आहेत. डॅडारिओसारख्या कंपन्या पाकिटात कोड देतात, तो त्यांच्याकडे तपासता येतो. पाकिटावर ‘लाँग स्केल’ लिहिलेलं पाहून घ्या. 30 इंची शॉर्ट स्केल बेसवर लाँग स्केलची फ्लॅटवाउंड चढवली तर जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि वेढा उकलू शकतो. राउंडवाउंडचं जादा टोक कापायचं असेल तर आधी काटकोनात वाकवा, मग वाकाच्या पलीकडे कापा. सरळ कापली तर बाहेरची गुंडाळी गाभ्यावरून सुटते, आणि नवीकोरी तार पहिल्याच दिवशी मेल्यासारखी वाजते.